बाकोलोदमध्ये कोण आहे?

मियागाओ, ९ जून

मानांग तेसिंग,

मठात तुला सिस्टर पर्पेतुआ म्हणतात हे नऊ वर्षांत पाठ झालंय, पण सख्ख्या मोठ्या बहिणीला सिस्टर लिहायला माझा हात वळत नाही. हे पत्र तुझ्याआधी मदर इनोसेन्सिया वाचणार, म्हणून त्यांनाही नमस्कार. मदर, राग मानू नका.

माझी जेम्मा आठ वर्षांची झाली. दान्ते जहाजावर आहे, डिसेंबरात उतरेल. माझ्या सासूबाई, नानाय पासिंग, गुडघ्याला तेल चोळत बसतात आणि माझ्या धोट्याचा आवाज सुरू झाला की कपाळाला आठ्या घालतात. मी माग सोडत नाही. मठात जायच्या आधी तू मला इंटरनेटवर अकाउंट उघडून दिलं होतंस ना, त्याच्यावरच अजून माझ्या शाली विकल्या जातात.

त्या अकाउंटचंच सांगायचंय. गेले दोन महिने गिऱ्हाइकाचा निरोप मी उघडायच्या आधीच कुणीतरी वाचलेला असतो. एका माणसानं सहा शाली हव्यात म्हणून लिहिलं होतं, तर तो निरोपच नाहीसा. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. विणकरांच्या सोसायटीत माझ्या शेजारच्या मागावर जोसी बसते, तिला सांगितलं. तिनं माझा फोन घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट दाबलं आणि एक यादी काढली. माझं अकाउंट कुठल्या गावात, कशावर उघडं आहे त्याची यादी. तीन ओळी होत्या. मियागाओ, एक फोन, तो माझा. सिंगापूर, एक फोन. बाकोलोद, एक कॉम्प्युटर.

मानांग, सिंगापुरात माझं कोण आहे? आणि बाकोलोदला मी जन्मात दोनदा गेले, दोन्ही वेळा बोटीतून उतरून तुझ्या मठाची बस पकडायला.

जोसी म्हणाली, ‘चोर आहेत. दोघांनाही बाहेर काढ आणि पासवर्ड बदल.’ मी म्हटलं, आधी दान्तेला विचारते. तर म्हणते कशी, ‘दार तुझं. कडी लावायला नवऱ्याला कशाला विचारतेस?’

तुला काय वाटतं?

तुझी वेंग

•

मठ, ७ जुलै

प्रिय वेंग,

इथे महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी, पत्र लिहिता येतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. जेम्मा आठची झाली हे वाचून मी प्रार्थनेला दोन मिनिटं उशिरा पोचले. तिला मी एकदाच पाहिलं, जाळीपलीकडून, ती चार वर्षांची असताना. जाळीतून बोट घालून तिने माझ्या डोक्यावरच्या वस्त्राचं टोक ओढलं होतं.

सिंगापूरचा चोर मात्र हाकलून दे. जोसीचं बरोबर आहे. बाकोलोदचं फारसं मनावर घेऊ नकोस. ही यंत्रं गाव चुकीचं दाखवतात. मठाच्या बिस्किटांच्या ऑर्डरी मीच कॉम्प्युटरवर घेते, तेव्हा मलाही हा अनुभव आहे. कुणी वाईट माणूस असता तर आतापर्यंत काहीतरी नुकसान केलं असतं. तसं झालेलं दिसत नाही.

शालींना यंदा कुठला रंग चाललाय? पिवळा फार करू नकोस, लवकर विटतो.

तुझी मानांग,
सिस्टर पर्पेतुआ

•

मियागाओ, १८ जुलै

मानांग,

काढले. दोघांनाही बाहेर काढलं, पासवर्ड बदलला आणि त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की दोन हात कापड जास्त विणून झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो, तेवढ्यात दान्तेचा फोन. तो समुद्रावरून या वेळी कधी करत नाही.

‘अकाउंटला काय केलंस?’

‘चोर शिरला होता. बाहेर काढला.’

‘चोर नाही, मी होतो. जहाजाचं इंटरनेट सिंगापूर दाखवतं.’

‘मग सांगायचंस तरी.’

‘बायकोचं अकाउंट बघायला अर्ज करायचा? फोन कुणी घेऊन दिला? चालू कुणी करून दिला?’

मी म्हटलं, ‘आणि बाकोलोद?’

‘ते मी नाही. कुणी का असेना, गेलं ना आता? नवीन पासवर्ड काय ठेवलास?’

मी ताटातला भात कालवत राहिले. नानाय पासिंग हातात डाव घेऊन माझ्या पाठीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘लपवायचं काही नसेल तर सांगायला काय झिजतं?’ जेम्मा भाताचं शीत न् शीत वेगळं करत बसली होती. ती असं करायला लागली की मला कळतं, तिला भीती वाटतेय.

शेवटी त्यानंच तोड काढली. ‘जुनाच परत ठेव, आईच्या नावाचा. माझ्या लक्षात राहतो.’ मी ठेवला. आपल्या आईचं नाव, मानांग, तिच्या वाढदिवसाच्या आकड्यासकट. तूच ठेवला होतास तो. आता त्याच्यातून तो माझं सगळं वाचतो.

चोर असता तर बरं झालं असतं, असं मनात येतं. चोराला निदान शिव्या देता येतात.

वेंग

•

मठ, ४ ऑगस्ट

प्रिय वेंग,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण थोडं दान्तेच्या बाजूनेही बघ. नऊ-नऊ महिने पाणी आणि लोखंड याशिवाय त्याला काही दिसत नाही. घर बघावंसं वाटलं तर माणूस मिळेल त्या फटीतून बघतो. बघण्यात दरवेळी संशयच असतो असं नाही. कधी कधी नुसती आठवण असते.

माझी पत्रं मदर वाचतात. जाणारी आणि येणारीही. पहिल्या वर्षी मला ते जड गेलं, आता जाच वाटत नाही. मन स्वच्छ असलं की दार उघडं असलं काय, बंद असलं काय.

तू खरोखर तोच जुना पासवर्ड परत ठेवलास ना? म्हणजे दान्तेला फसवण्यासाठी वेगळा काही ठेवला नाहीस ना, एवढंच विचारायचं होतं. तसं करू नकोस, त्याने वाद वाढेल.

थोडा धीर धर. तो डिसेंबरात आला की समोरासमोर बोल.

तुझी मानांग

•

मियागाओ, २० ऑगस्ट

मानांग,

मदर तुझी पत्रं वाचतात ते तुला सांगून वाचतात. तू मठात गेलीस तेव्हा ते तुला माहीत होतं आणि तू हो म्हणून गेलीस. वाचून झाल्यावर तुझ्या नावानं उत्तर तर लिहीत नाहीत ना? मग मला धीर शिकवू नकोस.

ऐक काय झालं. परवा बाजारात बुगासोंगच्या मिसेस पालोमार भेटल्या. तिथं त्यांची हातमागाची शाळा आहे, गावोगावच्या मुली येऊन विणकाम शिकतात. मला बघून त्यांचा चेहरा जरा पडला. म्हणाल्या, ‘नकार मोठा गोड लिहिलास हं, वेंग. पण पुन्हा विचारू नका म्हणायची गरज नव्हती.’

मी म्हटलं, ‘कसला नकार?’

त्यांनी त्यांचा फोन पुढे केला. मे महिन्यात त्यांनी मला शिकवायला बोलावलं होतं. राहायला खोली, जेम्माला शेजारीच शाळा, सगळं नीट लिहिलं होतं. माझ्याकडे यातलं एक अक्षर नाही. आणि खाली माझं उत्तर. ‘संसार सोडून कुठं जाणं मला बरं वाटत नाही. मी इथं सुखी आहे. कृपा करून पुन्हा विचारू नये.’

मानांग, ते हुबेहूब माझ्यासारखं लिहिलं होतं. मी निरोपाच्या शेवटी छोटं जांभळं फूल टाकते, तेसुद्धा होतं. क्षणभर मला वाटलं, मीच लिहिलं असेल आणि विसरले असेन. त्या वाटण्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी मिसेस पालोमारना खरं सांगितलं. भर बाजारात, सुक्या मासळीच्या टोपल्यांशी उभं राहून. त्यांनी फोन पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, ‘डिसेंबरपर्यंत जागा कुणाला देत नाही. यायचं असेल तर स्वतः ये. फोनवर मला काही कळवू नकोस, मी विश्वास ठेवणार नाही.’

माझं नाव लावून तिकडं कुणीतरी दुसरीच वेंग जगतेय. ती सुखी आहे म्हणे.

वेंग

•

मठ, १ सप्टेंबर

प्रिय वेंग,

तुझं पत्र वाचून मी हादरले. इतके दिवस मी समजत होते की तूच नको म्हणालीस. मला त्याचं आश्चर्यही वाटलं होतं, कारण लहानपणी तू आईच्या मागावरून उठायचीच नाहीस. पण ‘मी इथं सुखी आहे’ हे वाचून मी देवाचे आभार मानले होते आणि तुझ्याविषयीची काळजी सोडून दिली होती.

मी तुला धीर धर म्हणाले ते चुकलं. माणसाच्या नावाने दुसऱ्याने बोलायचं हा अन्याय आहे, मग तो नवरा असला तरी. दान्तेशी फोनवर भांडू नकोस. पण मिसेस पालोमारांचं बोलणं विसरू नकोस.

जेम्माला जवळ घे.

तुझी मानांग

•

मियागाओ, १५ सप्टेंबर

आदरणीय सिस्टर पर्पेतुआ,

देवाच्या कृपेने आम्ही सर्व कुशल आहोत. मागील पत्रांत मी रागाच्या भरात काही लिहिले, त्याबद्दल क्षमा असावी. दान्ते उत्तम पती आहेत. नानाय पासिंग यांची तब्येत ठीक आहे. मी काही दिवस सोसायटीत जाणे बंद केले आहे, घरी पुष्कळ काम असते. फोनही ठेवून दिला आहे, त्याने मनाला शांती मिळते. आपणही काळजी करू नये आणि उत्तर पाठवण्याची घाई करू नये.

आपली नम्र,
रोवेना

•

मियागाओ, २९ सप्टेंबर

मानांग,

पंधरा तारखेचं पत्र नानाय पासिंगनी समोर बसून लिहून घेतलं. सिस्टर आणि खाली वेंगऐवजी रोवेना वाचून तरी तुला कळलं असेल. हे पत्र जोसी नेईल. ती सूत परत न्यायला म्हणून येते, तेव्हा लडीच्या आत घालून देईन. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दान्तेनं ती यादी उघडून बघितली. बाकोलोद परत आलं होतं. तोच कॉम्प्युटर. ऑगस्टपासून आठवड्यातून दोनदा-तीनदा, दुपारी तीनच्या सुमारास. त्यानं तारखा लिहून ठेवल्यात. त्या त्यानं मला फोनवर वाचून दाखवल्या, एकेक करून, आणि प्रत्येक तारखेनंतर विचारलं, ‘बाकोलोदमध्ये कोण आहे?’

मी म्हटलं, ‘मला माहीत नाही.’

‘पासवर्ड फक्त तुला आणि मला माहीत. मी दिला नाही. मग कुणी दिला?’

मी तुझं सांगितलं, की यंत्रं गाव चुकीचं दाखवतात. तो हसला. ‘आठवड्यातून तीनदा तेच गाव चुकतं होय? जुलैत पासवर्ड बदललास तो मला बाहेर ठेवायला नव्हे, त्याला लपवायला.’

तेव्हापासून माझा फोन नानायच्या कपाटात आहे, सांतो निन्योच्या, बाळ येशूच्या, मूर्तीमागे. किल्ली त्यांच्या कमरेला. जेम्माला शाळेत त्याच सोडतात, त्याच आणतात. मी फाटकाबाहेर गेले तर शेजारीण त्यांना हाक मारते. दान्ते दिवसातून तीनदा त्यांच्या फोनवर चेहरा दाखवून बोलतो. ‘खोली दाखव. खिडकी दाखव. पलंगाखाली दाखव.’ मी फोन धरून वाकते, पलंगाखाली जेम्माच्या चपला असतात, त्या त्याला दाखवते. काल त्यानं विचारलं, चपला हलवून दाखव. मी हलवल्या.

माझा माग अंगणात झाकून ठेवलाय. ताणा अर्धा भरलेला आहे, दमटपणानं सूत सैल पडलं असेल.

दहा डिसेंबरला तो उतरतो. आधी बाकोलोदला जाणार म्हणतो, त्या माणसाला शोधायला. मग घरी.

मी रोज मनातल्या मनात माणसं मोजते. शाळेतली, गिऱ्हाइकं, आपल्या गावची. बाकोलोदचं कुणी नाही सापडत. असतं तर बरं झालं असतं असंही वाटायला लागलंय, म्हणजे निदान नाव सांगून सुटले असते.

आणि मानांग, एक विचारायचंय. तुझं एक सप्टेंबरचं पत्र मी उशीच्या खोळीत ठेवलंय, रोज वाचते. तू लिहिलंस, इतके दिवस समजत होते की तूच नको म्हणालीस. मिसेस पालोमारांची गोष्ट मी तुला वीस ऑगस्टला पहिल्यांदा सांगितली. त्याच्या आधीचे ‘इतके दिवस’ तुझ्याकडे कुठून आले?

वेंग

•

मठ, ६ ऑक्टोबर

वेंग,

बाकोलोदमध्ये मी आहे.

आमचं इंटरनेट बाकोलोदहून येतं, म्हणून तसं दिसतं. तीन वर्षांपूर्वी मला बिस्किटांच्या ऑर्डरींचं काम दिलं. दुपारी तीनला सगळ्या विश्रांती घेतात, तेव्हा ऑफिसात मी एकटीच असते. एका दुपारी मी आईचं नाव आणि तो आकडा टाकून बघितला. दार उघडलं. जेम्माचा फोटो होता, कमरेला तुझी शाल गुंडाळून उभी होती. मी पाच मिनिटं बघितलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं.

मी कधी काही लिहिलं नाही, काही पुसलं नाही. पण निरोप वाचले. सुरुवातीला फक्त फोटो, मग सगळंच. मिसेस पालोमारांचं आमंत्रण मी मे महिन्यात वाचलं, आणि तो नकारही. मला तो तुझाच वाटला.

जूनमध्ये तू बाकोलोद लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. तेव्हा एक ओळ लिहिली असती तर पुरलं असतं. मी यंत्रांवर ढकललं. जुलैत तू मला बाहेर काढलंस, तेव्हा मी देवाला सांगितलं की आता पुन्हा नाही. मग तू लिहिलंस की जुनाच पासवर्ड परत ठेवला. मी ऑगस्टात तुला तेच विचारलं होतं, आठवतं? दान्तेसाठी विचारलं नव्हतं. चार तारखेला पत्र टाकलं आणि सहा तारखेला दुपारी तीनला मी पुन्हा तुझ्या घरात होते. तो ज्या तारखा वाचतो त्या माझ्या आहेत.

तुझं पंधरा सप्टेंबरचं पत्र आलं तेव्हा सिस्टर हा शब्द मला खुपला होता. तरी मी सुटकेचा श्वास सोडला. सगळं ठीक आहे असं लिहिलेलं मला हवं होतं.

तुझं शेवटचं पत्र मदरनी मला स्वतः आणून दिलं. मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मला जूनपासून वाटत होतं. तू आपणहून सांगशील म्हणून मी थांबले.’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘थांबायला नको होतं. तिकडे ती मुलगी अडकली होती.’ मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

सोबत दुसरं पत्र आहे, दान्ते आणि नानाय पासिंग यांच्या नावाने. तारखा, वेळा, सगळं लिहिलंय, खाली मदरची सही आणि मठाचा शिक्का आहे. ते त्यांना दे. तू निर्दोष आहेस हे त्यांना मानावंच लागेल.

क्षमा मागत नाही. अजून ती मागण्याइतकं मी काही केलेलं नाही.

तेसिंग

•

मियागाओ, ३ नोव्हेंबर

मानांग,

तुझं पत्र जोसीनं लडीतून आणलं. मी ते न्हाणीघरात वाचलं, उकिडवी बसून. वाचून झाल्यावर पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बाकोलोदमध्ये कुणी वाईट माणूस नाही म्हणून बरं वाटलं. मग इतका राग आला की बादली लाथाडली. नानाय बाहेरून ओरडल्या, काय पडलं? मी म्हटलं, मी.

तू माझा नकार वाचलास आणि देवाचे आभार मानलेस! मला एकदा विचारलं असतंस, वेंग, शिकवायला का नाही गेलीस, तर मेमध्येच सगळं बाहेर आलं असतं. पण विचारलं असतंस तर तुझं फुटलं असतं. नऊ वर्षं मला वाटायचं की आपल्यात आठवण काढणारी मी एकटीच आहे, तू देवाची झालीस. आणि तू आठवड्यातून तीनदा येऊन, न बोलता बघून जात होतीस.

दोन आठवडे मी ते दुसरं पत्र कुणाला दाखवलं नाही. मग दिलं.

नानायनी शिक्का बघूनच कपाळाला लावलं. रडल्या, मला पोटाशी धरलं, म्हणाल्या, ‘माझ्या मनात कधीच नव्हतं हं, तो दान्तेच.’ कपाटातून फोन काढला. दान्तेला लावला. त्यानं पत्र वाचून घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. आणि हसला, मानांग. मनापासून, पोट धरून.

‘मानांग तेसिंग! अरे देवा! आणि मी बाकोलोदला जाऊन कुणाला बडवणार होतो!’

मग म्हणाला, ‘जाऊ दे. झालं गेलं. मी तुला माफ केलं.’

मी म्हटलं, ‘कशाबद्दल?’

तर म्हणाला, ‘बघ, पुन्हा वाकड्यात शिरतेस.’

आता सगळं छान आहे. मी सोसायटीत जाऊ शकते, दहा ते तीन. जेम्माला शाळेतून मी आणू शकते. नवीन पासवर्ड दान्तेनं ठेवलाय, तो मला सांगितलेला नाही. मला काही बघायचं असलं तर तो उघडून देणार. ‘म्हणजे कुणी घुसायची भानगडच नको,’ म्हणाला. मला निर्दोष ठरवलं आणि घर होतं तसंच राहिलं. मी समजत होते, आपण खरे ठरलो की दार उघडेल. संशय गेला, तरी पलंगाखालचं बघणं गेलं नाही. काल त्यानं पुन्हा खोली दाखवायला सांगितली. मी विचारलं, ‘आता कशाला?’ म्हणाला, ‘सवय झाली गं. बरं वाटतं.’

तू मठातून बाहेर पडायचं ठरवलंस तर रोमला अर्ज करता येतो. तूच सांगितलं होतंस. आपल्या देशात घटस्फोट नाही, बाईला लग्नातून बाहेर पडायला कागद नाही. म्हणून मी कागदाचा विचार सोडलाय.

सध्या मला लिहू नकोस. राग जाईपर्यंत नको.

वेंग

•

मठ, १ डिसेंबर

वेंग,

तू लिहू नकोस म्हणालीस, तरी हे चार शब्द लिहिते, जोसीकडे. हवं तर न वाचता फाड.

ऑफिसचं काम मी सोडलं. आता धुण्याकडे असते. मठात सगळ्यांसमोर उभं राहून मी सांगितलं. सिस्टर आन्सेल्मा नव्वदीच्या आहेत, त्या म्हणाल्या, ‘माझ्या भावाचं घरसुद्धा दाखवलं असतंस तर बरं झालं असतं.’ कुणी हसलं नाही, मग सगळ्याच हसल्या. मला त्या हसण्याने जास्त लाज वाटली.

तुझं ‘कशाबद्दल?’ मदरनी मोठ्याने वाचलं. म्हणाल्या, ‘याचं उत्तर त्याला कधी सापडणार नाही.’

मी सल्ला देणार नाही. माझे सगळे सल्ले माझ्या सोयीचे होते. दहा तारीख जवळ आली एवढं मला ठाऊक आहे.

तेसिंग

•

बुगासोंग, २० डिसेंबर

मानांग,

पत्ता बदललाय, वर बघ.

पाच तारखेला मी दहा वाजता सोसायटीत गेले, नेहमीसारखी. डब्यात भात आणि वांगं होतं. हातात सुताची पिशवी होती, तिच्यात जेम्माचे कपडे, दोन शाली आणि आमच्या जन्माचे दाखले. साडेदहाला जोसी माझ्या मागावर बसली, म्हणजे आवाज चालू राहावा. नानाय पासिंग एवढ्या लांबून ऐकू शकत नाहीत हे दोघींनाही माहीत होतं, पण ती म्हणाली, ‘मला बरं वाटेल.’ मी शाळेत गेले, बाईंना म्हटलं, जेम्माला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय.

रस्त्यावर नेमक्या नानाय भेटल्या, मिठाची पुडी घेऊन. त्यांनी पिशवी बघितली, जेम्माचं दप्तर बघितलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी अडवलं नाही, हात धरला नाही. झग्याच्या खिशातून फोन काढला आणि लावला. तो लागेपर्यंत आम्ही प्रवासी जीपनीत बसलो होतो.

मिसेस पालोमारनी दारात माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, ‘स्वतः आलीस.’ बाकी काही विचारलं नाही. मागाच्या शेडमागे खोली आहे. माझ्याकडे अकरा मुली शिकायला आहेत, त्यातल्या नऊ डावखुऱ्या असाव्यात असं त्यांचं विणकाम बघून वाटतं.

चौदाला दान्ते आला. फाटकाशी उभा होता, काळवंडलेला, वाळलेला. नऊ महिन्यांनी बघत होते त्याला. खोटं नाही सांगत, माझं काळीज हललं. त्यानं जेम्माला उचलून घेतलं. म्हणाला, ‘उंच झालीस.’ मला म्हणाला, ‘बारीक झालीस.’ आणि तिसरं वाक्य, मानांग, ‘नवीन अकाउंट उघडलंस म्हणे, पासवर्ड काय आहे?’

मी म्हटलं, ‘सांगणार नाही.’

तो ओरडला. मग रडला. मग पुन्हा ओरडला. मिसेस पालोमार फाटकाला टेकून सूत गुंडाळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही, पण हलल्याही नाहीत. तो म्हणाला, बरांगायच्या कप्तानाला, गावकारभाऱ्याला, घेऊन येईन, तू माझी बायको आहेस. मी म्हटलं, आहे. रविवारी येऊन जेम्माला इथंच, माझ्यासमोर, भेटत जा. तो गेला. गेल्या रविवारी आला, कप्तानाशिवाय. पुढच्या वेळी कसा येईल मला माहीत नाही. फाटक वाजलं की अजून मी आधी पलंगाखाली बघते. जेम्मानं मला तसं करताना पकडलं. विचारते, ‘आई, काय शोधतेस?’

ती रोज विचारते, घरी कधी जायचं. मी म्हणते, हेच. तिला ते पटत नाही. मलाही काही दिवस पटत नाही.

जुनं अकाउंट त्याच्याकडेच आहे. त्यात ती सुखी वेंग अजून राहते, काल तिनं कुणालातरी नाताळच्या शुभेच्छा दिल्या. नव्याचा पासवर्ड आईच्या नावाचा नाही. तुला ओळखता येणार नाही, प्रयत्न करू नकोस. यादी मी रोज सकाळी बघते. एकच ओळ असते.

तुझ्यावरचा राग थोडा उरलाय. शिक्का मारलेल्या त्या पत्रानं मला दहा ते तीन एवढा वेळ मिळवून दिला, आणि मी त्याच वेळात निघाले, हे मी विसरलेले नाही. दोन्ही खरं आहे.

या पाकिटात जेम्माचा फोटो घालणार होते. मागावर बसलेला आहे, पाय पावड्यांपर्यंत पोचत नाहीत. घालताना हात थांबला, बाहेर काढून ठेवला.

हवा असेल तर माग.

वेंग